मामंजींपुढचा पदर

कासव माणसाला वळखतं का, हे मला इचारू नका. पिंकीनं ती रील टाकल्यापासनं जो येतो त्यो हेच इचारतो. दूधवाला इचारतो, गिरणीवाला इचारतो. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात माझ्या पाटीतली मेथीची जुडी हातात घेऊन एक अनोळखी बाई इचारती, "तुमच्याच घरचं ना वो ते कासव? खरंच वळखत व्हतं का?" मी म्हणले, बाई, मेथी घ्यायची तर घे, न्हाईतर ठेव खाली. तिला वाटलं मी भांडखोर हाय. हायच मी. पण घरी आले आन् मला काय सुधरंना. चुलीपुढं बसले, उठले. अंगणात गेले, परत आले. आमचे मालक म्हणाले, "कस्तुरे, तुझ्या पायाला काय भिंगरी बांधलीय का?" आसंल बांधलेली. वैशाखापासनं बांधलेली हाय.

आता सांगायचंच तर आधी आमच्या आक्काचं सांगायला पायजे. आक्का म्हंजी माझी थोरली जाऊ, शेवंताबाई. केंदूरला आमच्या दोघींची घरं एकाला एक लागून. विहीर एक, मोटार एक, पाण्याच्या पाळ्या वाटून घेतलेल्या. तिची शेवंती आन् झेंडू, माझी पालेभाजी. थोरले भाऊजी गेले त्याला सहा वर्सं झाली, पोरगा रोहिदास रांजणगावला कंपनीत. आक्का साठी ओलांडून गेली तरी पहाटे फुलं तोडायला माझ्या आधी वाफ्यात. बोलायला मवाळ, कुणाला दुखवायची न्हाई. आन् डोक्यावरचा पदर! बाई बाई, काय सांगू त्या पदराचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तवा टेबलावरनं उठता उठता पहिला हात डोळ्याकडं न्हाई, डोक्याकडं गेला. नर्स हसायला लागली. मी म्हणले, हसू नका ताई, सरणावर पण ती आधी पदर सारखा करंल.

हा पदर तिला लावला मामंजींनी. मामंजी म्हंजी आमचे सासरे. सासूबाई लवकर गेलेल्या, घरात आम्ही दोघी सुना आन् वर हा जमदग्नी. दिवसभर विहिरीच्या काठाला, मोटंचं पाणी पडायच्या थारोळ्यापाशी घोंगडी टाकून बसायचे, मांडीवर काठी. सुनेचा पदर खांद्यावर दिसला की काठी दगडावर आपटायची. बोलायचे न्हाईत, नुसती काठी. मी उलटून बोलायची. एकदा म्हणले, "मामंजी, दोन्ही हातात घागरी हायेत, पदर काय दातानं धरू?" दोन दिवस जेवले न्हाईत माझ्या हातचं. आक्कानं कवा शब्द काढला न्हाई. पुढं मामंजी अंथरुणाला खिळले, दोन वर्सं. त्या दोन वर्सांत आक्काच्या हातनं खायचे, दुसऱ्या कुणी घास पुढं केला की तोंड फिरवायचे. म्हणून काय कौतुक केलं म्हणता? नाव नको. गेले त्या दिवशी सकाळी "वरण खारट झालंय" म्हणाले, आन् तेच शेवटचं.

कासव त्यांनीच आणलेलं. अंथरुणाला खिळायच्या आदल्या साली दौंडला कुणाच्या लग्नाला गेलते. भीमेवर मासे धरणाऱ्यांकडनं तळहाताएवढं कासव घेऊन उपरण्यात बांधून आणलं आन् दिलं विहिरीत सोडून. विहिरीत कासव आसलं म्हंजी घाण खातं, पाणी निवळ ऱ्हातं, आसं जुनी माणसं म्हणायची. आमच्या शिवारात चार-पाच विहिरींत तरी आसंल. सोडलं आन् आम्ही इसरून गेलो.

मामंजींचा तेरावा झाला. चौदाव्या दिवशी आम्ही दोघी विहिरीत पायऱ्यांवर गोधड्या धुवत व्हतो. घरभर माणसं येऊन गेलेली, कामाचा नुसता डोंगर. आक्काचे हात कोपरापर्यंत फेसात, पदर पडलेला. तेवढ्यात खालच्या टप्प्यावर हे कासव चढलं, मान काढली लांब, आन् आक्काकडं बघत बसलं. चांगलं ताटलीएवढं झालेलं. आक्कानं बघितलं, आन् फेसाच्या हातानं झटक्यानं पदर डोक्यावर वढला! मी म्हणले, "आक्का, मामंजी आले वाटतं!"

देवाशप्पथ, एवढी हसली ती. पंधरा दिवस दाबलेलं सगळं बाहेर आलं. हसता हसता रडायला लागली, रडता रडता परत हसायला. मी गंमत म्हणून बोलले, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. त्या दिवसापासनं कासवाचं नाव मामंजी.

तवापासनं चौदा वर्सं हे चाललं. फुलं तोडून झाली की आक्का भाकरीचा कोर घेऊन विहिरीत उतरायची. पायऱ्या उतरायच्या आधी पदर डोक्यावर. पहिल्यांदा गंमतीनं घ्यायची, मंग सवयीनं. आन् तिथं बसून काय करायची, तर भांडायची! जी बाई जित्या सासऱ्यापुढं ब्र काढत न्हाई, ती कासवापुढं तोंड सोडायची. पदर डोक्यावर आन् तोंडात आहेर. "काय वो मामंजी, आज न्हाई का खारट? आज गप खाताय ती? दोन वर्सं तुमचं हागणं-मुतणं काढलं, एकदा तरी म्हणलात का, पोरी दमलीस? काठी कुठं गेली? आपटा की!" मी वर पाण्याच्या दंडावर कोथिंबीर निवडत ऐकायची आन् पोट धरून हसायची. मामंजी मान काढून ऐकायचे, भाकर तिच्या हातातनं खायचे. ती पाठीवरनं हात फिरवायची, हनुवटीखाली खाजवायची, तरी मान आत घ्यायचे न्हाईत. दुसऱ्या कुणाची सावली पडली की गडप.

मी म्हणायची, आक्का, ते तुला न्हाई वळखत, भाकरीला वळखतं. एक दिवस ती माहेरी गेली तवा मीच भाकर घेऊन उतरले. चांगली ताजी भाकर, वर तेलाचा हात. गोड आवाजात हाक मारली. आला की. आन् भाकर सोडून माझं बोट धरलं! सुटता सुटंना. वरडले, नाचले, शेवटी पाण्यात हात बुडवला तवा सोडलं. आठ दिवस हळद लावत व्हते. आक्का माहेरनं आली, बोट बघितलं आन् म्हणली, "भाकर तर तू पण नेली व्हतीस की, कस्तुरे." मी म्हणले, तुझा सासरा खवीस हाय. पण खरं सांगू? मनात राग आला. चौदा वर्सं शेजारी हाय मी, माझ्यात काय काटे हायेत?

ह्या उन्हाळ्यात विहीर आटली. चैत्रात मोटार अर्धा तास चालायची, वैशाखात दहा मिनटं, मंग नुसता चिखल वढाय लागली. शेवंतीची पानं खाली मुडपायला लागली. रोहिदासनं ठरवलं, आणखी दोन परस, दोन माणसं बुडतील एवढी, खोल घ्यायची, बार उडवायचा, आन् वरनं खालपर्यंत सिमेंटच्या रिंगा टाकायच्या. जुन्या दगडी पायऱ्या, टप्पा, सगळं जाणार. आक्कानं एकच इचारलं, "मंग मामंजी बसतील कुठं?"

"आई, शेवंती वाळून चाललीय," रोहिदास म्हणाला, "आन् तू कासवाचं काय घेऊन बसलीस?"

पोराचं काय चुकलं नव्हतं. रिंगांच्या विहिरीत कासवाला टेकायला जागा न्हाई, नुसतं पोहून पोहून मरंल, हे आक्काला पण कळत व्हतं. तिनं परत काय इचारलं न्हाई. पण त्या दिवसापासनं ती एका जागी बसंना. फुलाच्या क्रेट्या मोजायची, परत मोजायची. मला पण तिचंच लागलं. एक जाऊ आत-बाहेर करती म्हणून दुसरी आत-बाहेर.

त्यात पिंकीची रील. पिंकी म्हंजी रोहिदासची पोरगी. तिनं मागंच कवातरी आजी कासवाला भरवतीय आन् शिव्या देतीय आसं मोबाईलवर घेतलं व्हतं. ते टाकलं आन् पसरलं गावभर, तालुक्यात, कुठल्या कुठं. चार दिवसांनी शिरूरहून वनखात्याची पोरगी स्कूटीवरनं दारात. तेजश्री तिचं नाव, खाकी कपडे, कपाळावर घाम. आम्हाला वाटलं आता धरून नेती. पण पोरगी गुणाची. पाणी प्यायली आन् म्हणाली, "आजी, कासव बाळगायला कायद्यानं परवानगी नाही. आणि बार उडवला तर ते मरणार. त्याच्या आधी बाहेर काढू, डॉक्टरला दाखवू, आणि नदीत सोडू."

"कुठल्या नदीत?" आक्कानं इचारलं.

"भीमेत. दौंडच्या खालच्या अंगाला एक डोह आहे, तिथं यांची जात आहे."

आक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऱ्हायली. "तिथनंच आणलं व्हतं," म्हणली.

ठरलेल्या दिवशी सकाळी आठला विहिरीवर यारी उभी ऱ्हायली. यारी म्हंजी गाळ आन् दगड वर वढायची क्रेन, तीन पाय, एक इंजिन, लोखंडी बादली. ती चालवणारा मच्छिंद्र, पान खाणारा, तोंडाळ. कासवाचं ऐकून म्हणाला, "मावशे, आमची पण यारी आन् तुमची पण यारी. बघू कुणाची भारी पडती." मी म्हणले, तू आधी तोंडातलं थुक. सुरुंगवाला चारला येणार व्हता. त्याला दुसऱ्या गावच्या दोन विहिरी करायच्या व्हत्या, चारला बार झाला न्हाई तर परत आठ दिवस येणार न्हाई. आन् आठ दिवसांत शेवंती गेलीच म्हणून समजा. बार उडवायच्या आधी गाळ उपसायचा, म्हंजी चारच्या आत सगळं.

पण मामंजी दिसंनात. पंधरा दिवस झाले, कुणी बघितलेच नव्हते. तळाला गुडघाभर चिखल, वर हिरवं पाणी वीतभर. मच्छिंद्रची माणसं फावडी, पहारी घेऊन उतरायला लागली तशी तेजश्री आडवी आली. "थांबा. ह्या जातीचं कासव उन्हाळ्यात चिखलात पुरून घेतं. याची पाठ मऊ असते. फावडं लागलं की चिरेल."

"मंग काढायचं कसं?" रोहिदासनं घड्याळ बघितलं.

तेजश्रीनं आक्काकडं बघितलं. "आजी, तुमच्या हाकेला येतं ना? बघा हाक मारून. दोनपर्यंत आपण थांबू. आलं तर ठीक. नाहीतर मग... हलक्या हातानं उपसायचं. नशीब त्याचं."

आक्का लगेच पदर खोचून निघाली. पायऱ्या अर्ध्यापर्यंत, खाली शिडी लावलेली. पण रोहिदास मधी आला. कंपनीत त्याला तेच काम, माणसांनी हेल्मेट घातलंय का बघायचं. "आई, असं उतरायचं न्हाई. वर यारी हाय, दगड निसटला तर?" त्यानं त्याचं पिवळं हेल्मेट आक्काच्या डोक्यावर घातलं, हनुवटीखाली पट्टा आवळला, अंगात त्याचं ते चकाकणारं केशरी जाकीट घातलं, पदर कमरेला घट्ट बांधला. पोराचं मन मोडायचं न्हाई तिला. उतरली.

नऊ वाजता हाक मारायला सुरवात केली. "मामंजी! वो मामंजी! भाकर आणलीय!" विहिरीत हाक घुमून वर यायची. चिखल हलंना. दहा झाले. तिनं भाकर पाण्यात टाकली, ती फुगून तरंगत ऱ्हायली. अकरा झाले. मला वर बसवंना. मी काठाभवती फेऱ्या मारायला लागले तशी तेजश्री म्हणाली, "काकू, पायानं खडे पडतात खाली." मी चपला काढून अनवाणी फिरले. दगड तापलेले, पाय भाजत व्हते, तरी थांबवंना. मच्छिंद्रची माणसं बाभळीखाली बसून तंबाखू मळत व्हती, मधीच इंजिन चालू करून बघायची, बंद करायची. बारा झाले. आक्काचा आवाज बसला.

"आई, वर ये आता," रोहिदास वाकून म्हणाला. "ऊन लागंल."

"दोन वाजल्यात का?" खालनं आवाज आला.

"न्हाई."

"मंग गप ऱ्हा."

आक्का पोराला गप ऱ्हा म्हणली! रोहिदास काठावरनं मागं सरला. पण मला तेवढ्यात कळलं, बाई आतनं पार उसवली हाय. तिला कासव मरंल ह्याची भीती व्हतीच. पण त्याहून मोठी भीती दुसरी व्हती. चौदा वर्सं ती ज्याच्याशी बोलली, ज्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं, त्याला तिची वळखच नव्हती, आसं सगळ्या गावापुढं निघालं तर? मी चौदा वर्सं हेच तर म्हणत व्हते, भाकरीला वळखतं. आता भाकर तरंगत व्हती आन् त्यो येत नव्हता. आन् मला माझंच बोलणं खाय लागलं.

एक वाजता मी घरी जाऊन तांब्याभर ताक घेऊन आले. उन्हानं डोळे दिपलेले, सकाळचं हेल्मेट डोक्यातनं पार गेलेलं, तशीच काठावर वाकले आन् खाली बघितलं. चिखलात एक पिवळं डोकं, केशरी पाठ. मी रोहिदासला म्हणले, "हा कोण गडी उतरवलास? आक्का कुठं गेली?"

"काकू, आईच हाय ती."

आगं आई गं! मला, तिच्या जावेला, पस्तीस वर्सं एका विहिरीचं पाणी पिलेलीला वळखू येईना, तर ते बिचारं चिखलातनं काय वळखंल? त्या गोधड्यांच्या दिवसापासनं त्यानं आक्काला कवा उघड्या डोक्याची बघितलीच न्हाई! चौदा वर्सं वरनं आक्का उतरती म्हंजी पदराचं डोकं उतरतं. आन् आज उतरला हा रांजणगावचा कामगार.

मी तिथनंच बोंबलले, "आक्का! आगं ए आक्का! डोकं! मामंजीपुढं आशी उभी ऱ्हायलीस व्हय? लाज वाटत न्हाई?"

आक्कानं वर बघितलं. हात आपसूक डोक्याला गेला आन् हेल्मेटवर टक्कन आपटला. तिला कळलं.

"हेल्मेट काढायचं न्हाई!" रोहिदास वरडला. "आई! सेफ्टीचा रूल हाय!"

"रूल घाल चुलीत," मी म्हणले. "मच्छिंद्र, इंजिन बंद कर तुझं. आन् सगळे मागं सरा, एक खडा खाली पडला तर माझ्याशी गाठ हाय."

इंजिन बंद झालं. सगळे मागं सरले. रोहिदास काठावर पालथा झोपला, आई दिसावी म्हणून. आक्कानं हेल्मेट काढलं, शिडीला अडकवलं. जाकीट काढलं. कमरेचा पदर सोडला, चिखलानं भरलेला, तसाच डोक्यावर घेतला, कानामागं सारखा केला. आन् भाकरीचं नाव न काढता, बसलेल्या आवाजात, रोजच्यासारखी सुरू झाली. "वो मामंजी. किती ताटकळत ठेवाल? सकाळधरनं उभी हाय मी उन्हात. सुनेचा जीव घेऊनच ऱ्हाणार का? उठा की वो. उठा."

किती वेळ गेला मला सांगता येत न्हाई. मी जोतिबाला, खंडोबाला, ज्याचं नाव आठवलं त्याला हात जोडले. मंग आक्काच्या डाव्या पायापासनं दोन हातावर चिखलात एक बुडबुडा आला. मंग दुसरा. चिखल फुगला, फाटला, आन् त्यातनं नाकाचं टोक निघालं. मंग मान. लांब, चिखलानं काळी. इकडं न्हाई, तिकडं न्हाई, सरळ आक्काकडं. आन् त्या गाळातनं पाय वढत वढत मामंजी आक्काच्या पायापाशी येऊन थांबले.

मच्छिंद्रनं सुद्धा तोंडातलं पान चावायचं थांबवलं.

आक्का वाकली. दोन्ही हातांनी उचललं. चांगलं परातीएवढं जनावर, पाय हवेत. बाहेर काढलेलं कुठलंबी कासव मान आत वढून घेतं, दरवाजा लावून घेतं, आसं तेजश्री मागनं म्हणाली. ह्यानं मान आत घेतली न्हाई. आक्कानं त्याला फुलाच्या क्रेटीत ठेवलं, ओलं पोतं टाकलं, क्रेटी लोखंडी बादलीत ठेवली, तरी मान बाहेर. यारीनं वर वढताना सुद्धा खाली आक्काकडं बघत व्हतं.

वर आल्यावर तेजश्रीनं पालथं-उताणं करून बघितलं, शेपटी बघितली आन् हसली. "आजी, ही मादी आहे."

मंग मीच फुटले. "म्हंजी चौदा वर्सं आम्ही सासूबाईंपुढं पदर घेत व्हतो व्हय!" मच्छिंद्र, रोहिदास, सगळे हसले. आक्का हसली न्हाई. ती शिडी चढून आली, चिखलाच्या हातांनी तशीच क्रेटीपाशी बसली आन् मला म्हणली, "कस्तुरे, मी हाक मारली म्हणून आला."

"व्हय की. मंग? जिंकलीस की तू."

"मी हाक मारली म्हणून आला," परत म्हणली. "आन् आला म्हणून धरला."

तेजश्री समजूत घालायला गेली, "आजी, कदाचित इंजिन बंद झालं, हादरे थांबले, म्हणून वर आलं असेल. ते नक्की काय ओळखतं, आवाज, आकार, का काहीच नाही, खरंच कुणी सांगू शकत नाही." पोरगी खोटं बोलत नव्हती. पण त्या वेळी मला तिचा राग आला. आन् आक्काला, काय सांगू, बरं वाटलं. "आसं आसंल तर बरंय," म्हणली.

चारला बार झाला. आम्ही सगळी लांब बांधावर. जमीन पायाखालनं हालली, विहिरीतनं धूर आन् दगड उडाले. आक्कानं दोन्ही हात क्रेटीवर दाबून धरले व्हते.

डॉक्टरला दाखवून चार दिवसांनी दौंडला सोडायचं ठरलं. वनखात्याच्या जीपमधी तेजश्री पुढं, आम्ही दोघी मागं, मधी क्रेटी. आक्का सारखी समोरच्या रस्त्याकडं बघत बसलेली. मी मात्र बोलत व्हते, ऊस बघ, कारखान्याचा धूर बघ, ते बघ, हे बघ. मामंजी मान काढून आक्काच्या पदराकडं बघत व्हते. तिनं वाटंत त्यांच्याकडं एकदाबी बघितलं न्हाई.

भीमेच्या काठाला डोहापाशी उतरलो. पलीकडं दोन माणसं जाळं सोडत व्हती. आक्कानं ती बघितली. "ती धरतील का?" इचारलं.

तेजश्री म्हणाली, "आजी, म्हणून तर सांगते. सोडल्यावर हाक मारू नका. माणसाकडं येणारं कासव नदीत टिकत नाही. तुमच्याकडं आलं तसं उद्या कुणाकडंही जाईल. त्यानं माणसाला घाबरायला पाहिजे."

आक्कानं मान हलवली. क्रेटीतनं स्वतःच उचललं, वल्या मातीवर ठेवलं आन् मागं सरली. मामंजी थोडा वेळ तसेच. मंग पाण्याचा वास लागला आसंल, चालायला लागले. पुढचे पाय पाण्यात गेले. आता जातात म्हणून मी श्वास सोडला, तर थांबले. अर्धे पाण्यात, अर्धे मातीवर. आन् मान काढली लांब, मागं वळवली, आन् आक्काकडं बघत ऱ्हायले. पलीकडं जाळ्याची शिसं पाण्यात पडल्याचा आवाज आला. मामंजी हालंनात. उलट एक पाय आमच्याकडं टाकला.

"जा," मी दातओठ खात पुटपुटले. "जा की, मेल्या."

तेजश्रीनं माझा हात दाबला.

तवा आक्कानं हात वर केला. मला वाटलं, सवयीनं पदर सारखा करती. तिनं पदर धरला, आन् डोक्यावरनं खाली टाकला. खांद्यावर. तिथनं पण खाली. पस्तीस वर्सांत तिचं उघडं डोकं मी चारचौघात बघितलं नव्हतं. पांढरे शुभ्र केस, मधनं विरळ, मागं एवढासा बुचडा. वाऱ्यानं चार केस कपाळावर आले. जीपचा डायव्हर बघत व्हता, पलीकडची माणसं बघत व्हती. ती तशीच उभी ऱ्हायली, हात दोन्ही बाजूला सोडून, तोंड घट्ट मिटून. डोळ्यातनं पाणी चाललं व्हतं ते पुसायला सुद्धा हात हालवला न्हाई.

मामंजींनी बघितलं. मान जरा पुढं केली, जरा मागं घेतली. आन् मंग पहिल्यांदाच, चौदा वर्सांत पहिल्यांदा, आक्कापुढं मान आत घेतली. वळले आन् पाण्यात गेले.

आम्ही जीपकडं चढायला लागलो. आक्का पुढं, मी मागं. चढ उभा व्हता, तिला दम लागत व्हता, तिचा पदर काटेरी गवतावर घासत चालला व्हता. पुढं रस्त्यावर माणसं उभी, एसटी थांबलेली. मला ऱ्हावंना. मी पदर उचलून तिच्या डोक्यावर घालायला गेले.

तिनं माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे, कस्तुरे," म्हणली. "मामंजी आजून बघत आसतील."